दोर कोणी तपासला?

दिवाळी आली की महाराष्ट्रातल्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. तटावर हळीव पेरले जातात, बुरुजावर कागदी भगवा लागतो आणि एखाद्या कड्यावरून सुतळीचा तुकडा खाली सोडून त्याला दोन मावळे चिकटवले जातात. 'हा आमचा सिंहगड बरे का!' असे आईबाप शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगतात. मग तानाजीची गोष्ट निघते, शेलारमामांची निघते, आणि सूर्याजीने परतीचे दोर कापले त्या ठिकाणी सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा येतो. येऊ द्या. माझ्याही येतो. पण १६७० सालच्या माघातल्या त्या रात्रीचा विचार करताना मला दरवेळी एक प्रश्न छळतो. कापले जाण्यापूर्वी त्या दोरांवरून माणसे वर चढली होती ना? मग ते दोर वळले कोणी? गाठ मारली कोणी? पहिला गडी वर निघण्याआधी दोराला हिसका देऊन पाहिला कोणी? आमच्या गोष्टीत दोर कापणारा आहे. दोर तपासणारा नाही.

साडेतीनशे वर्षे उलटून गेली, पण आमची धाडसाची कल्पना त्या कापलेल्या दोराशीच अडून बसली आहे. पुढचा-मागचा विचार न करता उडी घेतो तो शूर. उडी घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारतो तो भित्रा. ही समजूत खोटी आहे, घातक आहे, आणि सणासुदीला सांगायची म्हणून गोड शब्दांत गुंडाळण्याची माझी तयारी नाही. फराळाचे ताट बाजूला ठेवून वाचायला हरकत नाही; चकली कुठे जात नाही!

या लेखाला निमित्त झाली ती एक झिपलाइन. सातासमुद्रापलीकडल्या नातवंडांनी दूरध्वनीवर दाखवली असेल तर आजीआजोबांनाही ती ठाऊक असेल. नसेल त्यांच्यासाठी सांगते. उंचावरच्या एका मनोऱ्यापासून सखल जागेच्या दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत पोलादी तारांचा पिळलेला दोर ताणून बांधतात. त्यावर कप्पी बसवतात. माणसाच्या कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचे जाळे आवळतात, डोक्यावर शिरस्त्राण घालतात, पट्टे कप्पीला अडकवतात आणि देतात सोडून! पुढचे काम उताराचे. ना इंजिन, ना वीज. विहिरीवर पोहरा ओढताना जी कप्पी आपण शतकानुशतके वापरली तीच ही. फरक इतकाच की इथे पोहऱ्याच्या जागी माणूस असतो.

आमच्या काही विद्वानांना हे पाश्चात्त्यांचे थेर वाटते. त्यांना मी हिमालयात जायला सांगेन. उत्तराखंडात नदीवर तार बांधून पाळण्यात बसतात आणि दोरीने ओढत पैलतीर गाठतात. त्याला तिकडे गरारी म्हणतात. नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत अशा तारेला तुइन हे नाव आहे. तिथली मुले दप्तर पाठीला लावून तुइनवरून शाळेत गेली, बायका बाजाराला गेल्या. कप्पीत सापडून कित्येकांची बोटे गेली, कित्येक नदीत पडून मेले. अखेर २०१५ नंतर तिथल्या सरकारने तुइन काढून झुलते पूल बांधण्याचा निर्धार जाहीर केला. म्हणजे तारेवरून जाणे हा त्या लोकांचा शौक नव्हता. पूल नाही म्हणून गळ्यात पडलेला भोग होता. पुढे १९७० च्या दशकात कोस्टारिकातल्या अरण्यांत डोनाल्ड पेरी या जीवशास्त्रज्ञाने झाडांच्या शेंड्यांवरचे जग पाहण्यासाठी दोरांचा आधार घेतला, आणि १९९० च्या दशकात त्याच देशात प्रवाशांना पैसे घेऊन झाडांवरून फिरवण्याचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे २००९ साली राजस्थानात नीमराणा किल्ल्यावर अशा तारा लागल्या. २०१८ साली अरबस्तानातल्या रास अल खैमाच्या जेबेल जैस पर्वतावर तर २.८३ किलोमीटर लांबीची तार सुरू झाली. गरिबाची गरज श्रीमंताची करमणूक कशी होते, याचे याहून लख्ख उदाहरण शोधायला नको. पण करमणूक झाली म्हणून तारेचा धर्म बदलत नाही. तुइनची तार जशी तुटते, तशीच तिकीट लावलेली तारही तुटते.

आमच्या गावच्या युवक मंडळाने यंदा उन्हाळ्यात घाटमाथ्यावरच्या अशाच एका ठिकाणी सहल नेली. तेवीस मुलेमुली, बहुतेक अकरावी-बारावीची, काही कॉलेजात जाणारी. बरोबर एक वडीलधारे बाईमाणूस हवे म्हणून मला नेले. मी दहावीपलीकडे शिकलेली नाही. शिकवते मात्र वीस वर्षे. त्या तेवीसांतल्या निम्म्यांना मीच बाराखडी गिरवायला लावली आहे.

निघण्याच्या आधीची एक गंमत सांगितलीच पाहिजे. मुलग्यांना घरून परवानगी मिळाली ती एका वाक्यात: 'जपून जा रे.' मुलींच्या परवानगीसाठी मात्र ओसरीवर सभा भरल्या. 'उद्या हातपाय मोडला तर हिचे लग्न कसे होणार?' हा प्रश्न एका आजींनी मला विचारला. मी म्हटले, 'आजी, मुलाचा पाय मोडला तर त्याचे होईल का?' आजी हसल्या, पण पोरीचे वडील हसले नाहीत. ज्या गावात रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट दर शिवजयंतीला सांगतात, काळोखात कडा उतरणाऱ्या त्या गवळणीच्या नावाने ज्यांचे गळे दाटून येतात, त्या गावात सतरा वर्षांच्या मुलीने दिवसाउजेडी, पट्टे बांधून, शिरस्त्राण घालून दरी ओलांडायची म्हटले की घरादाराला घाम फुटतो! हिरकणी दुसऱ्याच्या घरात जन्मलेली बरी, असे आमचे मत दिसते.

तर आम्ही तिथे पोहोचलो. तिकिटाच्या खिडकीशी एक छापील कागद प्रत्येकाच्या हाती दिला गेला. मी स्वखुशीने जात आहे, काही बरेवाईट झाल्यास सर्व जबाबदारी माझी, अशा अर्थाच्या ओळी आणि खाली सहीची रेघ. मुलांनी एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून भराभर सह्या ठोकल्या. परीक्षेतली प्रश्नपत्रिकासुद्धा आमची मुले याहून सावकाश वाचतात.

रांग पुढे सरकली. कठड्याशी पोहोचताच आमच्यातली एक मुलगी थांबली. बारावीची, अंगाने किरकोळ, वर्गात कधी मोठ्याने न बोललेली. तिने पट्टे बांधणाऱ्या पोराला विचारले, "दादा, ही तार शेवटची कधी तपासली?"

तो पोरगा चमकला. बहुधा हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच ऐकला असावा. मग हसून म्हणाला, "ताई, रोज शेकडो लोक जातात हिच्यावरून. भीती वाटत असेल तर बसा तिकडे सावलीला."

आमची मुले खो खो हसली. मागे उभ्या असलेल्या एका शहरी कुटुंबातल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिले आणि 'अहो, जायचे नसेल तर बाजूला व्हा की' असे सुनावले. मुलगी जागची हलली नाही. ती म्हणाली, "भीती वाटतेच आहे. पण मी भीतीचे विचारले नाही, तारेचे विचारले."

वाचकहो, त्या दिवशी तिथे जेवढे धाडस झाले, तेवढे या एका वाक्यात झाले. तारेवरून घसरायला पृथ्वी मदत करते. सगळे जग हसत असताना प्रश्नाला धरून उभे राहायला कोणी मदत करत नाही.

आणि त्या पोराच्या उत्तराचा जरा विचार करा. 'रोज शेकडो लोक जातात' हे तार सुरक्षित असल्याचा पुरावा म्हणून सांगितले गेले. खरे तर ते तार तपासण्याचे कारण आहे! शेकडो लोक जातात म्हणूनच तार झिजते. काल शंभर जण सुखरूप गेले याचा अर्थ, आजची तार कालच्यापेक्षा शंभर फेऱ्यांनी जुनी आहे. एवढे साधे गणित आम्हाला का सुचू नये? कारण गर्दी दिसली की आमचा मेंदू विश्रांती घेतो. दुकानात गर्दी म्हणून माल चांगला, बुवाकडे गर्दी म्हणून बुवा खरा, आणि रांग लांब म्हणून तार पक्की!

बोलाचाली ऐकून तिथला एक वयस्क कामगार पुढे आला. डोक्याला टापशी, हात वंगणाने काळे. तो म्हणाला, "पोरी, रोज सकाळी पहिली फेरी माझीच असते. हातात सुती फडकं धरून तारेवर फिरवत सावकाश जातो. एखादा तंतू तुटून वर आला असंल, तर फडकं अडकतं." मुलीने विचारले, "काका, मग ते कुठे लिहिता का?" त्याने एक वही आणली. वहीत शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची होती. म्हातारा ओशाळला नाही, सरळ म्हणाला, "बघतो रोज. लिहायला कोणी विचारत न्हाई, म्हणून राहतं."

मग मी पुढे झाले. म्हटले, काका, आज आमच्यासमोर एकदा फडके फिरवा आणि लिहा, आम्ही थांबतो. आणि या तारेची वर्षाची तपासणी कोणा जाणत्या माणसाने केली असेल, तर तो कागदही दाखवा. कार्यालयात शोधाशोध झाली. कागद निघाला! इंजिनियरची सही, यंदाचीच तारीख. तो भिंतीवरच टांगलेला होता. पण पावसाळी सवलतीच्या जाहिरातीचा फलक त्याच्या पुढे लावून ठेवला होता. याला म्हणतात आमचा कारभार! तपासणी होते, पण सवलतीच्या मागे. म्हातारा फडके घेऊन तारेवरून गेला, पलीकडून पायवाटेने परत आला, वंगणाने माखलेले पण न फाटलेले फडके त्याने आम्हाला दाखवले, वहीत तारीख घातली आणि सही केली. या सगळ्याला पंचवीस मिनिटे लागली. मागच्या रांगेने त्या पंचवीस मिनिटांत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्यानंतर ती मुलगी सगळ्यांत पहिली गेली. तिच्यामागून मी.

अनुभव कसा होता ते लपवणार नाही. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला ते जमायचेही नाही. कठड्यावरून पाय सुटतात तेव्हा पहिले दोन क्षण शरीर जमीन शोधत असते. पोटात खड्डा पडतो, तोंडातला शब्द तोंडात राहतो. मग डोक्यावर कप्पीचा घर्र आवाज ऐकू येऊ लागतो आणि आपण पडत नसून जात आहोत, हे हळूहळू पटते. खाली करवंदीच्या जाळ्या हिरव्या ठिपक्यांसारख्या सरकत होत्या, एका खाचरात दोन गुरे चरत होती, त्यांतले एक मान वर करून पाहत होते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आले. पलीकडच्या मनोऱ्याशी वेग ओसरला, एका मुलाने पट्टा धरून ओढून घेतले, आणि फळीवर उभी राहिले तेव्हा गुडघे लटपटत होते नि मला हसू आवरत नव्हते. चाळिशी उलटलेल्या, संसाराच्या आणि शाळेच्या वेळापत्रकात करकचून बांधलेल्या बाईला एक मिनिटभर कुठलेच ओझे नव्हते. म्हणून मी या खेळाच्या विरुद्ध नाही. उलट, प्रत्येक आईने एकदा तरी हे करावे, असे माझे मत आहे. माझे भांडण तारेशी नाही. न विचारण्याशी आहे.

आता पुढचे ऐका. गणेशोत्सवात मंडळाने सहलीची चित्रफीत दाखवली आणि 'धाडसी युवक' म्हणून बक्षीस दिले. कोणाला? तारेवर उलटे लोंबकळत, हात सोडून स्वतःचे चित्रण करणाऱ्या एका मुलाला! आणि जिच्यामुळे तेवीस जणांखालची तार तपासली गेली, तिला मिळाले ते 'इन्स्पेक्टर' हे टोपणनाव. त्या सभेत मी उठून बोलले होते. टाळ्यांच्या गजरात ते कोणाला ऐकू गेले नाही, म्हणून आता लेखी बोलते आहे.

जे बक्षीस देतो ते पिकते. उलटे लोंबकळण्याला बक्षीस दिले की पुढच्या वर्षी दहा मुले उलटी लोंबकळतील. प्रश्नाला टोपणनाव दिले की पुढच्या वर्षी कोणी प्रश्न विचारणार नाही. मग एक दिवस आम्ही सारे मेणबत्त्या घेऊन चौकात उभे राहू आणि 'प्रशासनाचा धिक्कार असो' म्हणू.

ही अतिशयोक्ती वाटते? मोरबीची आठवण करा. ३० ऑक्टोबर २०२२. दिवाळीचेच दिवस होते. गुजरातेतल्या मोरबी गावी मच्छू नदीवरचा झुलता पूल दुरुस्तीनंतर चारच दिवसांपूर्वी पुन्हा खुला झाला होता. नव्या वर्षाची सुट्टी, तिकिटे काढून आलेली माणसे, कडेवर पोरे. तार तुटली आणि १३५ माणसे मेली. पुढे चौकशी पथकाने सांगितले की, पुलाच्या एका मुख्य दोरात ४९ तारा होत्या आणि त्यांतल्या २२ आधीच गंजलेल्या होत्या. ४९ पैकी २२! पूल रंगवलेला होता, दिवे लावलेले होते, तिकिटाची खिडकी चालू होती. फक्त दोर गंजलेला होता. त्या दिवशी पुलावर पाय ठेवणाऱ्यांचा काही दोष नव्हता. तपासणे हे ज्यांचे कर्तव्य होते त्यांचा दोष होता. पण ज्या समाजात कोणी विचारतच नाही, त्या समाजात कर्तव्य करणाऱ्यालाही ते करण्याची सवय राहत नाही. आमच्या त्या म्हाताऱ्याचे वाक्य पुन्हा वाचा: लिहायला कोणी विचारत नाही, म्हणून राहते.

त्याच वर्षी १० एप्रिलला झारखंडात देवघरजवळ त्रिकूट पर्वतावरचा रज्जुमार्ग बिघडला. माणसे पाळण्यांत अडकून पडली, हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली आणि तिघांचा जीव गेला. पाळण्यात बसताना त्यांनीही रांगच लावली असणार.

कोणी म्हणेल, 'बाई, तारेतले आम्हाला काय कळते? ते इंजिनियरांचे काम.' खोटे! विचारण्यापुरते सगळ्यांना कळू शकते. शाळेतल्या बलाच्या त्रिकोणाइतके सोपे आहे. शंभर मीटर लांबीची तार घ्या. तिच्या मधोमध साठ किलोचा माणूस लोंबकळतो आहे आणि त्याच्या वजनाने तार दोन मीटर खाली वाकली आहे. तारेवर ताण किती? साठ किलोचा नव्हे; तारेचे स्वतःचे वजन सोडून सुमारे ७५० किलोचा! आणि तीच तार जास्त ताणून बांधली, मध्ये फक्त एक मीटर वाकू दिली, तर ताण १५०० किलो. म्हणजे ढिली दिसणारी तार धोक्याची आणि ताठ दिसणारी भक्कम, ही आमची समजूत नेमकी उलटी आहे. तुटेपर्यंत ताणू नये, ही आमच्या आज्यांची म्हण हे गणित न मांडताच सांगत होती.

तसेच वजनाचे. हलके मूल अर्ध्यावर अडकून राहते, जड माणूस पलीकडे वेगाने आदळतो. म्हणून वजनाला खालची आणि वरची मर्यादा असते आणि वजनकाटा ठेवावा लागतो. आम्ही गेलो तिथे काटा होता, पण त्यावर पाण्याच्या बाटल्यांचे खोके ठेवलेले होते. आमच्या मुलीने विचारल्यावर तेही हलले. फडक्याने वरचा तुटका तंतू कळतो, आतला गंज कळत नाही. म्हणून म्हाताऱ्याच्या रोजच्या फेरीबरोबर जाणत्याची वार्षिक तपासणीही लागते. यांतली कोणती गोष्ट बारावीच्या मुलीच्या आकलनाबाहेरची आहे?

दुसरा आक्षेप असा की, 'कागदावर सही केली ना? मग आता काय बोलायचे?' हा कागद म्हणजे आमच्या भाबडेपणाचे स्मारक आहे. १८७२ च्या आपल्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल; तसा निवाडा १९०३ सालीच झालेला आहे. म्हणजे आमच्या तेवीसांतल्या कितीतरी सह्यांची किंमत शाईइतकीसुद्धा नव्हती. मोठ्यांचे म्हणाल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागण्याची वाट करून दिली आहे. दुकानदाराने आपल्या निष्काळजीपणाचे पाप गिऱ्हाइकाच्या माथी मारणारा कागद छापला, म्हणून ते पाप धुऊन निघत नाही. मग तो कागद असतो कशाला? आपण न वाचता सही करावी आणि पुढे प्रसंग आला की 'मीच सही केली होती' म्हणून गप्प बसावे यासाठी.

आणि शासन? २०२१ साली महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. असे उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी, सुरक्षेचे नियम पाळावेत, असे त्यात आहे. उत्तम! पण नियम फायलीत असतो आणि तार दरीवर असते. त्या दोहोंच्या मधले अंतर कोण तोडणार? प्रत्येक डोंगरावर सरकारी माणूस रोज उभा राहू शकत नाही. तिकीट काढणारा मात्र रोज तिथे उभा असतो. त्याने 'तुमची नोंदणी दाखवा' एवढे म्हटले, तर त्याच्याइतका स्वस्त आणि हजर तपासनीस दुसरा नाही.

तिसरा आक्षेप घाबरटांचा: 'एवढा धोका असेल तर बंदच करा ना हे प्रकार!' मला या पंथाची सर्वांत जास्त चीड आहे, कारण तो काळजीचे सोंग घेऊन येतो. तारा बंद केल्या म्हणून तरुण रक्त घरी बसेल काय? ते धबधब्याच्या काठावर जाईल, कड्याच्या टोकावर छायाचित्र काढील. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे डोळ्यांदेखत वाहून गेली. तिथे ना तार होती, ना तिकीट, ना शिरस्त्राण. धोका बंदीने जात नाही, शिक्षणाने आवरतो. १९५३ मध्ये एव्हरेस्टचा माथा गाठलेले तेनसिंग १९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था निघताच तिथे शिकवू लागले. अशा संस्थांत काय शिकवतात? गाठी शिकवतात. पट्टे बांधायला शिकवतात. स्वतःची गाठ जोडीदाराला दाखवायची आणि त्याची आपण पाहायची, मगच पाय उचलायचा, ही शिस्त शिकवतात. जगातले अव्वल गिर्यारोहक एकमेकांना 'गाठ दाखव' म्हणतात आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेची मुले एव्हरेस्टवर पोहोचली ती काय दोर न तपासता पोहोचली?

मग आमच्या शाळांनी काय करायचे? मी शिक्षिका आहे, म्हणून माझ्याच घराकडे बोट दाखवते. आमच्या शाळांत उत्तराला गुण आहेत, प्रश्नाला नाहीत. जास्त विचारणाऱ्या मुलाला 'आगाऊ' म्हणतात, मुलीला 'तोंडाळ' म्हणतात. बारा वर्षे न विचारण्याचे वळण लावायचे आणि तेराव्या वर्षी कठड्यावर उभे राहिल्यावर तिने अचानक विचारावे, अशी अपेक्षा करायची! आमच्या त्या मुलीने विचारले ते आमच्या शिकवणीमुळे नव्हे. तिचा बाप विहिरींवर मोटारी बसवण्याचे काम करतो. माणूस विहिरीत उतरवण्यापूर्वी दोर हाताने चाचपायचा, हे ती लहानपणापासून पाहत आली आहे. जे कुठल्या व्याख्यानमालेत मिळाले नाही, ते तिला विहिरीच्या काठावर मिळाले.

विहिरीत उतरणारा मजूर, इमारतीच्या परांचीवर चढणारा गवंडी, माडावर चढणारा माणूस, यांना आम्ही कधी धाडसी म्हटले नाही. कारण ते पोटासाठी चढतात आणि उतरल्यावर छायाचित्र टाकत नाहीत. पण दोर कसा तपासावा हे या महाराष्ट्रात त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. युवक मंडळांनी व्याख्याते बोलवायचे असतील, तर अशा माणसांना बोलवावे. हाती दोराचा तुकडा द्यावा आणि मुलांना विचारावे, हा टाकून कधी द्यायचा?

आता सुट्ट्या आहेत. लाडू संपले की मंडळी सहलीला निघतील. कोणी घाटात, कोणी कोकणात. तिथे तार असेल, पाळणा असेल, होडी असेल. जरूर बसा. मुलींना आधी बसवा. पण बसण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. तपासणी शेवटची कधी झाली आणि तिची नोंद कुठे आहे? नोंदणी आहे काय? वजनाची मर्यादा काय? मध्येच अडकले तर आणणार कोण आणि कसे? उत्तर मिळाले तर आनंदाने जा. 'सावलीला बसा' असे उत्तर मिळाले तर खरोखर सावलीला बसा. पैसे परत मागा आणि आपल्या मागे उभे असलेल्यांनाही सांगा.

आणि तुमच्या पुढे उभी असलेली एखादी मुलगी रांग अडवून असे काही विचारत असेल, तर घड्याळ पाहू नका. तिच्या बाजूने दोन शब्द बोला. ती जी तार तपासून घेत आहे, तिच्यावरून पाचच मिनिटांनी तुमचे मूल जाणार आहे.